पणजोबांचा ब्रॅन्सन, आजोबांचे एजीसाहेब

पणजोबा अ‍ॅडव्होकेट जनरल असं कधी म्हणत नसत. ‘तो ब्रॅन्सन’ एवढंच, आणि तेही दात आवळून. जुलै 1908 मध्ये गिरगावातून चालत जाऊन ते मुंबई हायकोर्टाबाहेरच्या गर्दीत उभे राहिले होते. आत टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालू होता आणि सरकारची बाजू मांडत होते अ‍ॅडव्होकेट जनरल ब्रॅन्सन. टिळक स्वतःच आपले वकील, एकवीस तासांहून अधिक बोलले. 22 तारखेला रात्री ज्यूरीचा कौल आला, सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी. 1897 च्या खटल्यातही टिळकांसमोर अ‍ॅडव्होकेट जनरलच होते, बेझिल लँग. त्या वेळी टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील दावर 1908 मध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीत होते, हे सांगताना पणजोबांचा आवाज चढायचा म्हणे.

हे सारं मला आजोबांनी सांगितलं. ते फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये मॅनेजिंग क्लार्क. त्यांच्या तोंडी मात्र ‘एजीसाहेब’. बापलेकांचा यावरून वाद व्हायचा. आजोबा सेटलवाडांचं नाव पुढे करायचे: मोतीलाल सेटलवाड 1937 पासून त्याच पदावर होते आणि 1942 मध्ये, चले जावच्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला. पणजोबा त्यावर गप्प बसायचे, पण पटलं असं कधी म्हणाले नाहीत. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. सरकार ज्याचं, बाजू त्याचीच मांडायची, हेच त्या पदाचं काम. पटेनासं झालं की उठून जायचं.

आजोबांचं खरं दैवत होमी सीरवाई. 1957 ते 1974, सतरा वर्षं ते महाधिवक्ता, म्हणजेच अ‍ॅडव्होकेट जनरल, होते. आधी मुंबई राज्याचे, मग महाराष्ट्राचे. केशवानंद भारती खटल्यात केरळतर्फे उभे राहून त्यांनी घटनादुरुस्तीवर संसदेला मर्यादा नाही असं मांडलं, समोर पालखीवाला. पुढे आणीबाणी पाहिल्यावर सीरवाईंनी स्वतःच्या ग्रंथात ते मत बदललं. आजोबांना हे फार आवडायचं. ‘हरलेला वकील असं लिहीत नाही रे,’ म्हणायचे.

राज्यघटनेच्या 165 व्या कलमानुसार राज्यपाल महाधिवक्ता नेमतात. त्याची पात्रता हायकोर्टाच्या न्यायाधीशाची हवी, आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पद. विधिमंडळात त्याला बोलता येतं, मत देता येत नाही. आजोबांना मात्र कलमांपेक्षा जिने महत्त्वाचे. सीरवाईंच्या काळात मुख्यमंत्री बदलत गेले, चव्हाण, कन्नमवार, नाईक, एजी तेच. नंतर सरकार पडलं की फर्ममधले क्लार्क पहिली चौकशी करायचे ती नव्या एजींचं चेंबर कुठल्या मजल्यावर, याची.