‘महिलांचा फॅशन ब्रँड’ म्हणजे नेमकं काय? खरेदी करण्याआधी हे वाचा

८ मार्च जवळ आला की सोशल मीडियावर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे स्त्रीशक्तीच्या घोषणा छापलेले टी-शर्ट आणि दुसरी म्हणजे ‘महिलांच्या ब्रँडकडूनच खरेदी करा’ असं सांगणाऱ्या रील्स. हेतू चांगलाच असतो. पण तो कपडा शिवणाऱ्या बाईच्या हातात किती पैसे पडले, हे त्या पोस्टमध्ये नसतं. मग ‘महिलांचा व्यवसाय’ नेमका कशाला म्हणायचं? समजून घेऊया.

महिला दिन आणि कपडे शिवणाऱ्या बायका

महिला दिनाचं कपड्यांच्या धंद्याशी नातं जुनं आहे. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये ब्लाउज शिवणाऱ्या हजारो कामगार मुलींनी पगार आणि कामाच्या तासांसाठी संप केला. १९११ साली त्याच शहरातल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. बाहेर जायचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ जणांचा जीव गेला, त्यात बहुसंख्य मुली आणि बायका होत्या. ८ मार्च ही तारीखही १९१७ साली रशियात झालेल्या संपावरून पक्की झाली. त्या दिवशी रस्त्यावर उतरण्यात पुढाकार होता तो कापड गिरण्यांतल्या बायकांचा.

म्हणजे फॅशनच्या धंद्यात बायका नव्हत्या असं कधीच नव्हतं. त्या कायम होत्या, पण मशीनवर. गल्ल्यावर दुसरंच कुणीतरी बसलेलं असायचं.

अहमदाबादची चिंधी

हे चित्र बदलण्याचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण म्हणजे ‘सेवा’, अर्थात सेल्फ एम्प्लॉइड विमेन्स असोसिएशन. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादमध्ये ही संघटना नोंदवली. नोंदणीच्या वेळीच अडचण आली. या बायकांना मालकच नाही, तर कामगार संघटना कशी होणार, असा सरकारी खात्याचा प्रश्न होता.

मालक नव्हता हे खरं, पण व्यापारी होताच. गिरण्यांतून निघालेल्या चिंध्यांपासून बायका घरी बसून रजईच्या खोळी शिवायच्या. पैसे नगाप्रमाणे मिळायचे. दोरा, मशीन, विजेचा खर्च सगळा त्यांचाच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी ‘सेवा’च्या मदतीने दर वाढवून मागितला, तेव्हा काही व्यापाऱ्यांनी त्यांचं कामच बंद केलं.

खरी गोम इथेच आहे. कच्चा माल आणि बाजार दोन्ही दुसऱ्याच्या हातात असले, की वाढवून मिळालेला दर तो कधीही काढून घेऊ शकतो. म्हणून या बायकांनी ‘सबीना’ नावाची स्वतःची सहकारी संस्था काढली.

भांडवलाचाही प्रश्न होता. त्यासाठी १९७४ साली सुमारे ४,००० बायकांनी प्रत्येकी १० रुपयांचा शेअर घेऊन सेवा बँक सुरू केली.

पुढे कच्छ आणि पाटण भागात भरतकाम करणाऱ्या बायकांनीही ‘सेवा’च्या मदतीने स्वतःची कंपनी उभारली. ‘हंसिबा’ हा ब्रँड त्यांचाच. संघटनेतल्या एका ज्येष्ठ कारागीर बाईंचं नाव त्याला दिलेलं आहे. या कंपनीत भरतकाम करणारी बाई नुसती कारागीर नाही, भागधारकही आहे.

घरी बसून काम करणाऱ्यांनाही कामगार मानावं, यासाठी ‘सेवा’ने आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रयत्न केले. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तसा करार मंजूर केला. भारताने मात्र त्याला मंजुरी दिलेली नाही.

मालकीण, चेहरा की कारागीर?

‘महिलांचा ब्रँड’ या शब्दांमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

• मालकी बाईची: केंद्र सरकारच्या लघुउद्योग खरेदी धोरणानुसार भागीदारीत किंवा कंपनीत महिलांचा वाटा किमान ५१ टक्के हवा.
• चेहरा बाईचा: जाहिरातीत बाई आहे, पण पैसा आणि निर्णय दुसऱ्याचे.
• हात बाईचे: शिवणाऱ्या सगळ्या बायका, पण वाटा कुणाचाच नाही.

यातल्या पहिल्या प्रकारातही कारागिराला नीट पैसे मिळतातच असं नाही. मालकीण असली तरी ती दर पाडू शकते. आणि भौगोलिक मानांकनाबद्दल एक गैरसमज असतो. पैठणीला हे मानांकन आहे, पण ते वस्त्र कुठलं आणि कसं विणलेलं आहे, हे सांगतं. विणणाऱ्याला काय मिळालं, हे त्यातून कळत नाही.

तुम्ही काय करू शकता?

१. सरळ विचारा. कपडा कुणी शिवला? पैसे नगावर मिळतात की महिन्याला? चांगला व्यवसाय या प्रश्नांनी चिडत नाही.

२. बचत गटांकडून थेट घ्या. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात राज्यभरातल्या गटांच्या बायका स्वतः स्टॉलवर असतात.

३. हाताच्या कामात घासाघीस करू नका. कमी केलेले पन्नास रुपये बहुतेक वेळा मजुरीतूनच जातात.

४. ऑर्डर देताना थोडी आगाऊ रक्कम द्या. लहान व्यवसायात कापड घ्यायलाही पैसे नसतात. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल विनाकारण परत पाठवलं, तर जाण्या-येण्याचा खर्च अनेकदा त्या बाईच्याच अंगावर पडतो.

५. डिझाइनचा फोटो काढून दुसरीकडे स्वस्तात शिवून घेऊ नका. आवडलं तर तिच्या नावासह शेअर करा. जाहिरातीसाठी तिच्याकडे वेगळे पैसे नसतात.

आणि हे फक्त मार्चपुरतं नको. सणासुदीला, लग्नसराईत खरेदी करतानाही ‘हे शिवणाऱ्या बाईला किती मिळाले?’ असं एकदा विचारून बघा.