अंतराळातल्या युद्धनौकेची उघडी बाजू

मी भूदलातला माणूस, पण आज बोलणार आहे युद्धनौकांबद्दल, आणि त्याही विज्ञानकथेतल्या.

विज्ञानकथेत निसर्गाचे नियम लेखकाच्या हातात असतात. मग आपल्या नौकेला सगळीकडून अभेद्य कवच का देऊ नये? कारण मग लढाईच उरत नाही. कप्तानाला डोकं चालवायचं कारणच राहत नाही.

अमेरिकन लेखक डेव्हिड वेबर यांना हे नेमकं कळलं. ऑनर हॅरिंग्टन या नायिकेची त्यांची कादंबरीमाला १९९३ साली सुरू झाली. तिच्यातल्या नौकांना वर आणि खाली गुरुत्वाकर्षणाचे पट्टे असतात. ते कोणत्याही शस्त्राने भेदले जात नाहीत. दोन्ही कुशींना त्याहून कमजोर भिंती. पुढचं आणि मागचं टोक मात्र उघडं! या एका निर्णयातून सगळे डावपेच निघतात. आपलं टोक झाकायचं, शत्रूचं गाठायचं. रणगाड्याचंही तेच. पुढचं चिलखत जाड, मागचं पातळ. म्हणून बगल देऊन मागे पोहोचायची धडपड.

याचं मूळ शिडाच्या जहाजांत आहे. त्यांच्या तोफा दोन्ही कुशींना असत आणि मागची बाजू नाजूक, खिडक्यांची. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरला नेल्सनची ‘व्हिक्टरी’ फ्रेंच ध्वजनौका ‘ब्युसांतोर’च्या मागून आडवी गेली. तिचे गोळे मागून शिरले आणि डेकच्या लांबीभर माणसं कापत गेले.

पण उघडी बाजू फक्त लाकडा-लोखंडात नसते, ती विचारातही असते. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. कराचीबाहेर पाकिस्तानची विनाशिका ‘खैबर’ गस्त घालत होती. मूळची ही ब्रिटिश नौका, दुसऱ्या महायुद्धात विमानांशी लढण्याचा विचार करून आखलेली. आपल्या ‘निर्घात’ या छोट्या नौकेचं क्षेपणास्त्र तिच्यावर आदळलं. ‘खैबर’ने संदेश पाठवला, शत्रूच्या विमानाने हल्ला केला आहे! दुसरं क्षेपणास्त्र आलं आणि ती बुडाली. तिच्यावरचे खलाशी शेवटपर्यंत आकाशात विमान शोधत राहिले असतील.

कथेतला लेखक नौकेची उघडी बाजू मुद्दाम ठेवतो. खऱ्या नौकेची बाजू नकळत उघडी राहते, आणि त्याची किंमत तिच्यावरची माणसं मोजतात. म्हणून कोणतंही कवच पाहताना त्याची जाडी नंतर विचारा. आधी विचारा, हे कोणत्या शस्त्रासाठी आखलं होतं?

जय हिंद.