विवाहोत्तर करार

लग्नानंतर पती-पत्नीने मालमत्ता, कर्ज, घरखर्च किंवा पोटगी यांविषयी आपसांत केलेला लेखी करार. भारतात त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. असा कागद भारतीय करार कायदा, 1872 वरच तपासला जातो. कलम 23 नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल असतो. कलम 25 नुसार मोबदल्याविना दिलेले वचन जवळच्या नात्यातल्या स्वाभाविक प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणीकृत असेल, तर टिकू शकते.

ही अट किती जाचक आहे ते कलकत्ता उच्च न्यायालयाच्या 1900 च्या राजलखी देवी विरुद्ध भूतनाथ मुखर्जी या निकालात दिसते. पत्नीच्या वेगळ्या राहण्याचा खर्च देण्याचा नोंदणीकृत लेख पतीने करून दिला होता. पण त्यातच दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता. म्हणजे प्रेमापोटी दिले असे म्हणता येईना, आणि लेख निष्फळ ठरला. दोघांनीही परस्परांना काही दिले-सोडले असेल, तर मोबदल्याची ही अडचण येत नाही.

पोटगी सोडल्याचे कलम सर्वांत कच्चे. एकरकमी 8,000 रुपये घेऊन पुढचा हक्क सोडल्याची तडजोड न्यायालयात नोंदवली गेली असूनही सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये पत्नीचा नवा पोटगीदावा चालू दिला.

म्हणून खरे संरक्षण वचनात नव्हे, पुऱ्या झालेल्या व्यवहारात असते. स्त्रीधन पत्नीचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ठामपणे सांगितले. घर द्यायचे तर दुय्यम निबंधकाकडे बक्षीसपत्र नोंदवावे लागते. नोटरीचा शिक्का पुरत नाही. पतीने स्वतःच्या आयुष्यावर विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, 1874 खाली घेतलेली विमा पॉलिसी पत्नी-मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि सहसा धनकोंच्या हाती लागत नाही. मात्र धनकोंना बुडवण्यासाठी पत्नीच्या नावे केलेले घराचे हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली रद्द करून घेता येते.

मालकी आणि निवासाचा हक्कही वेगळे. दिल्लीच्या न्यू फ्रेंड्स कॉलनीतील घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सासऱ्याच्या मालकीचे घरही सुनेच्या निवासहक्कासाठी सामायिक घर ठरू शकते असे मानले.

गोव्यात नागरी संहितेनुसार मालमत्तेची व्यवस्था लग्नापूर्वीच ठरवावी लागते. नंतर ती बदलता येत नाही. इतरत्र करार करणाऱ्या जोडप्याने निदान दोन वेगळे वकील घ्यावेत आणि कर्जासकट सगळी मालमत्ता कागदावर मांडावी. दडवादडव किंवा दडपण सिद्ध झाले की करार मोडता येतो.