स्टेटिनचे ग्रासमान मास्तर

कॉलेजांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस आज जें रेषीय बीजगणित शिकवितात, त्याचा बराच मोठा भाग एका शाळामास्तरानें रचिला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. मी स्वतः मॅट्रिकपुढें शिकलों नाहीं. सारें आयुष्य मुलांना गणित व थोडें संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां ह्या मास्तरांविषयीं बोलतांना आपुलकी जरा अधिक दिसली, तर ती आपण गोड मानून घ्यावी.

हर्मान ग्रासमान ह्यांचा जन्म १८०९ सालीं प्रशियांतील स्टेटिन शहरीं झाला. तें शहर आज पोलंडांत आहे. वडील तेथील हायस्कुलांत गणित शिकवीत. मुलगा बर्लिनच्या विद्यापीठांत गेला तो धर्मशास्त्र आणि भाषा शिकावयास. गणित त्यानें पुढें घरीं येऊन आपलें आपणच केलें. वरच्या वर्गांस शिकविण्याचा परवाना मिळावा म्हणून ग्रासमानांनीं १८४० सालीं परीक्षेसाठीं भरती-ओहोटीवर एक मोठा निबंध लिहिला, व त्यांत सदिशांचें गणित प्रथमच भरपूर वापरलें. परवाना मिळाला, निबंधाचें मोल मात्र कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. तो छापला गेला १९११ सालीं, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनीं!

१८४४ सालीं त्यांचा मुख्य ग्रंथ निघाला. त्याच्या नांवाचा अर्थ 'विस्तारशास्त्र' असा करतां येईल. त्यांतील विचार सांगण्यापूर्वीं माझ्या वर्गांतील एक प्रसंग सांगतों. दोन अज्ञात असले कीं दोन समीकरणें लागतात, असें मीं फळ्यावर लिहिलें होतें. एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, एक पुस्तक आणि एक वही मिळून दहा रुपये, दोन पुस्तकें आणि दोन वह्या मिळून वीस रुपये. हीं दोन समीकरणें झालीं, मग किंमत कां निघत नाहीं?" "उदाहरणच चुकीचें आहे," असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. उदाहरण चुकीचें नव्हतें. दुसरें समीकरण पहिल्याचीच दुप्पट होतें. त्यांत नवी बातमी कांहींच नव्हती. संख्येनें दोन असलेल्या गोष्टी खरोखर दोन आहेत काय, कीं एक दुसरीच्या पोटांतूनच निघते, हाच ग्रासमानांचा प्रश्न. ज्या परस्परांपासून निघत नाहींत त्या स्वतंत्र, आणि अशा जास्तींत जास्त जितक्या सांपडतील तितक्या त्या अवकाशाच्या मिती. मिती तीनच असाव्यात असें त्यांस वाटेना. चार, दहा, कितीहि असोत, गणित तेंच.

पुढें १८६२ सालच्या नव्या आवृत्तींत त्यांनीं एक सुंदर नियम दिला. आपल्या अवकाशांत एकाच बिंदूंतून जाणारीं दोन भिन्न प्रतलें घ्या. तीं एका रेषेंत छेदतात. दोन अधिक दोन, म्हणजे तीन अधिक एक. दोघांच्या मितींची बेरीज ही दोघांस सामावणाऱ्या अवकाशाच्या आणि दोघांच्या सामाईक भागाच्या मितींच्या बेरजेइतकी असते. आजचे विद्यार्थी हाच नियम पाठ करतात.

ग्रंथाचें पुढें काय झालें? गाऊस ह्यांनीं उत्तर धाडलें कीं, अशाच वाटांनीं आपण सुमारें अर्धें शतक हिंडत आहों, पण सध्यां सवड नाहीं. विद्यापीठांत जागा मिळावी म्हणून ग्रासमानांनीं सरकारकडे अर्ज केला, तेव्हां कुम्मर ह्या मोठ्या गणितज्ञाचें मत मागविण्यांत आलें. आशय चांगला, मांडणी सदोष, असा अभिप्राय १८४७ सालीं पडला, आणि जागा मिळाली नाहीं. १८६४ सालीं प्रकाशकानें न खपलेल्या सुमारें ६०० प्रती रद्दींत काढल्या.

शिक्षक ह्या नात्यानें मला येथें थांबावेंसें वाटतें. कुम्मर अगदींच चुकले होते, असें म्हणवत नाहीं. १८४४ चा ग्रंथ तत्त्वज्ञानाच्या चर्चेनें सुरू होतो. वाचकाच्या हातांत उदाहरण पडतें तें फार उशिरां. दुसऱ्या आवृत्तींत तत्त्वज्ञान काढून युक्लिडच्या धर्तीवर व्याख्या आणि सिद्धांत मांडले, तरी गिऱ्हाईक नाहींच. जो मनुष्य रोज मुलांना शिकवीत होता, त्याला स्वतःचाच शोध शिकवितां येऊं नये!

ह्याच सुमारास इंग्लंडांत सिल्व्हेस्टर ह्यांनीं १८५० सालीं 'मॅट्रिक्स' हा शब्द काढला, आणि केली ह्यांनीं १८५८ सालीं मॅट्रिक्सचें बीजगणित लिहिलें. त्यांच्या हातांत आंकड्यांचा चौकोन होता. तो मुलांना दाखवितां येतो. गुणाकारांत ओळ स्तंभाशीं कां गुणावयाची, ह्याचें कारणहि साधें आहे: एका बदलावर दुसरा बदल केला असतां आंकडे जसे आपोआप जुळतात, तसाच तो गुणाकार आहे. पण हें कारण वर्गांत सांगावें लागतें. न सांगितल्यास तो गुणाकार मुलास लहरी वाटतो, आणि परीक्षा संपतांच तो विसरतो. तरी हा विषय कॉलेजांत रुळावयास फार काळ लागला. १९२५ सालीं हायझेनबर्ग ह्यांनीं अणूंच्या गणितांत असा गुणाकार वापरला, तेव्हां मॅट्रिक्स म्हणजे काय हें त्यांस ठाऊक नव्हतें. विद्यार्थिदशेंत तें शिकलेल्या बॉर्न ह्यांनीं तें ओळखलें.

गणितानें साथ दिली नाहीं म्हणून ग्रासमान संस्कृताकडे वळले. 'धा' धातूचें 'दधाति' होतें, 'धधाति' होत नाहीं. लागोपाठच्या दोन महाप्राणांपैकीं पहिला सौम्य होतो. पाणिनीच्या व्याकरणांत द्विरुक्तीपुरतें हें आलेंच आहे. ग्रीक भाषेंतहि असेंच घडतें हें ग्रासमानांनीं १८६३ सालीं ताडून दाखविलें, आणि तो नियम भाषाशास्त्रांत त्यांच्याच नांवानें चालतो. मग १८७३ ते १८७५ ह्या काळांत त्यांचा ऋग्वेदाचा कोश निघाला. शाळेची नोकरी चालूच होती. ट्यूबिंगेन विद्यापीठानें १८७६ सालीं सन्मान्य डॉक्टरेट दिली, ती ह्या भाषाकार्याबद्दल. १८७७ सालीं ते वारले. पुढच्याच वर्षीं रद्दींत गेलेला १८४४ चा ग्रंथ पुन्हां छापून आला, आणि १८८८ सालीं इटलीच्या पेआनो ह्यांनीं त्याच्या आधारें सदिश अवकाशाचे नियम स्वच्छ मांडले.

वेदांचे अभ्यासक तो कोश आजहि उघडतात. शेजारच्या इमारतींत गणिताचा वर्ग चालू असतो. कोशाचा कर्ता आणि मितींच्या नियमाचा कर्ता हे एकच मास्तर, हें बहुधा दोन्हीं खोल्यांतील मंडळींस ठाऊक नसतें.