लायका कॅमेरा : त्याची कुळकथा व पोथ्यांच्या नकलेच्या कामीं त्याचा उपयोग

जुनीं दप्तरें व पोथ्या ज्यांच्या घरीं आहेत ते गृहस्थ कागद पहावयास देतात, परंतु उंबऱ्याबाहेर नेऊं देत नाहींत, हा अनुभव या त्रैमासिकाच्या बहुतेक वाचकांस असेल. त्यांत त्यांचा दोष नाहीं. नेलेला रुमाल परत आला नाहीं अशा कथा प्रत्येक तालुक्यांत ऐकूं येतात. तेव्हां नकल करावयाची ती मालकाच्या ओसरीवर, त्याच्या डोळ्यांदेखत आणि बहुधा एका दुपारांत, असा प्रसंग येतो. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हांपासून आपल्याकडील हें काम मुख्यतः बोरूनें व टाकानेंच झालें. हातची नकल करणारा मनुष्य नकल करितां करितां वाचतो, हा तिचा मोठा गुण. परंतु अक्षरवटिका, समासांतील भर, हरताळ लावून खोडलेला पाठ, शिक्क्याची झीज, मोर्तबाची जागा, यांतलें कांहींच तींत उतरत नाहीं. आणि नकलकारानें ‘ध’ चा ‘घ’ वाचला असेल तर मूळ कागद नष्ट झाल्यावर तो ‘घ’ च प्रमाण होऊन बसतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुराचें पाणी पुण्याच्या ज्या घरांत शिरलें, तेथील कागदांची काय गत झाली असेल हें वाचकांस सांगावयास नको.

छायाचित्रानें ही उणीव भरून निघते. आज तें काम खिशांतला दूरध्वनिही करितो हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि आम्हीं उतारवयांत फिल्मवर चालणारा लहान कॅमेरा हातीं धरला, त्याचीं कारणें पुढें येतील. हें यंत्र शिकत असतां आमच्या असें लक्षांत आलें कीं, त्याची प्रत्येक खोड त्याच्या इतिहासांतून आलेली आहे. म्हणून आधीं तो इतिहास पाहूं.

लायकाचा कर्ता ऑस्कर बार्नाक हा १८७९ सालीं जर्मनींतील ब्रांडेनबुर्ग प्रांतांत जन्मला. व्यवसायानें तो यंत्रकार. येना येथील त्साइस कारखान्यांत कांहीं वर्षें काम करून १९११ सालीं तो वेट्झलार येथें एर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत आला. (शाकुंतलाची स्तुति करणारा गटे हा याच वेट्झलारास १७७२ सालीं न्यायालयांत उमेदवारी करीत होता, संस्कृताच्या अभ्यासकांस हें गांव अगदींच परकें वाटूं नये.) बार्नाकास दम्याचा विकार होता. त्या काळचे कांचेच्या पाट्यांचे अवजड कॅमेरे डोंगरांत वाहून नेणें त्यास झेपत नसे. चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची, कडांस भोंकें असलेली फीत त्याच्या हाताशीं होती. तिच्यावरील चित्र १८ बाय २४ मिलिमीटरांचें. बार्नाकानें फीत आडवी चालविली आणि दोन चित्रांची जागा एकास दिली; तेणेंकरून २४ बाय ३६ मिलिमीटरांची चौकट सिद्ध झाली. तीच आजतागायत चालूं आहे.

या पहिल्या यंत्राच्या तिथीविषयीं मतभेद आहे. जुन्या पुस्तकांतून १९१३ हें वर्ष आढळतें. परंतु बार्नाकाच्या कामाच्या वहींत चलच्चित्राच्या फितीसाठीं केलेला ‘लिलिपुट’ कॅमेरा पुरा झाल्याची नोंद मार्च १९१४ ची आहे. समकालीन टांचण व उत्तरकालीन स्मरण यांत विरोध आला असतां टांचणास मान द्यावा, हा नियम आपण बखरी व पत्रें यांच्या बाबतींत पाळतों. तो येथेंही पाळावा असें आमचें मत आहे. बार्नाक हा या कल्पनेचा आद्य प्रवर्तक होय असें जें सरसहा लिहिलें जातें तें मात्र टिकत नाहीं. त्याच सुमारास न्यूयॉर्क येथें ‘टूरिस्ट मल्टिपल’ व ‘सिंप्लेक्स’ या नांवाचे याच फितीवर चालणारे कॅमेरे विक्रीस निघाले होते. बार्नाकाचें श्रेय प्राथम्याचें नसून सिद्धीचें आहे. ते कॅमेरे लोपले आणि याचा वंश वाढला.

मध्यें महायुद्ध आलें. १९२३ सालीं सुमारें पंचवीस कॅमेरे नमुन्यादाखल झाले. (त्यांपैकीं बार्नाकाच्या स्वतःच्या वापरांतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा २०२२ सालीं वेट्झलार येथील लिलांवांत १ कोटि ४४ लक्ष युरोंस गेला. पोथ्यांच्या संग्राहकांनीं आपल्या बाजारभावाशीं ताडून पहावें व स्वस्थ रहावें.) युद्धोत्तर मंदींत असा माल खपेल किंवा नाहीं याविषयीं कारखान्यांत मोठा वाद झाला, अखेर १९२४ सालीं धाकटे एर्न्स्ट लाइट्झ यांनीं स्वतःच्या जोखमीवर होकार दिला, आणि १९२५ सालच्या लाइप्झिगच्या वसंत ऋतूंतील जत्रेंत लायका लोकांपुढें आला. ‘लाइट्झ’ व ‘कॅमेरा’ या दोन शब्दांचीं आद्याक्षरें जोडून हें नांव झालें. त्याचें ५० मिलिमीटर केंद्रांतराचें भिंग माक्स बेरेक यानें गणित करून काढलें होतें.

आतां आमच्या मुख्य विषयाकडे वळूं, तो म्हणजे भिंगांची अदलाबदल. १९३० सालीं लायकाचें भिंग आट्यांवर फिरवून काढतां येऊं लागलें. परंतु आरंभीं प्रत्येक कॅमेऱ्याचा खोलावा किंचित् निराळा असल्यामुळें त्याचीं भिंगें कारखान्यांत त्याच्याशींच जुळवून द्यावीं लागत, व त्यांवर त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे शेवटचे आंकडे कोरीत. एकाचें भिंग दुसऱ्यास चालत नसे. १९३१ सालीं हें अंतर सर्वत्र २८.८ मिलिमीटर असें ठरविण्यांत आलें, आणि अशा कॅमेऱ्याच्या तोंडावरील कड्यावर शून्याची खूण उमटविली जाऊं लागली. हें शून्य दिसलें म्हणजे कोणतेंही प्रमाणबद्ध भिंग तेथें बसेल असें समजावें. आट्यांचा व्यास ३९ मिलिमीटर, परंतु आटे मात्र इंचास २६, अशी ही मिश्र मापांची वीण आहे. पुढें १९५४ सालीं नव्या मालिकेंत आट्यांऐवजीं खटक्यानें बसणारें तोंड आलें. आट्यांचे कॅमेरे १९६० पर्यंत निघत होते.

१९३२ सालच्या दुसऱ्या नमुन्यांत अंतरमापक भिंगाशीं जोडला गेला. त्याचें तत्त्व आपल्या ज्योतिषांतील लंबनाचें आहे. भास्कराचार्यांनीं सूर्यग्रहणाच्या गणितांत लंबन सांगितलें तें पृथ्वीच्या पृष्ठावरील व मध्यावरील दोन द्रष्ट्यांच्या दृष्टिभेदाचें. येथें दोन द्रष्टे म्हणजे कॅमेऱ्याच्या कपाळावरील दोन झरोके. दोहोंतून आलेलीं बिंबें डोळ्यास एकावर एक दिसतात, आणि भिंग फिरवून तीं एकरूप केलीं कीं अंतर साधलें. दोन झरोके आडव्या रेषेंत असल्यामुळें बिंबेंही आडवीं सरकतात. म्हणून देवनागरी किंवा मोडी पत्रावर जुळणी करितांना नजर शिरोरेषेवर ठेवून उपयोग नाहीं. आडवी रेषा सरकली तरी आपल्याच अंगावर पडते व जुळल्याचा भास होतो. कान्याची उभी रेघ धरावी. दोन काने एक झाले म्हणजे पाठ स्पष्ट उतरतो. ही युक्ति आम्हांस कोणत्याही माहितीपत्रकांत आढळली नाहीं, म्हणून मुद्दाम नमूद करून ठेवितों.

यंत्र हातीं घेणाऱ्यानें आणखी चार गोष्टी ध्यानांत धराव्या. फिल्म खालून, तळाची पाटी काढून भरावयाची असते. तिचें टोंक कात्रीनें सुमारें चार इंच लांब जिभेसारखें कापून घ्यावें लागतें. बाजारांतील रिळाची जीभ आंखूड असते व ती तशीच भरल्यास फीत पडद्याच्या खांचेंत अडकते. भरल्यावर पुढची चावी फिरवितांना डावीकडील उलटी चावी आपोआप फिरते कीं नाहीं तें पहावें. ती फिरत नसेल तर फीत चालत नाहीं, आणि छत्तीस चित्रें घेतल्याचें समाधान तेवढें पदरांत पडेल. पडद्याचा वेग ठरविण्याचा आंकडा चावी दिल्यानंतरच लावावा. ‘एल्मार’ जातीचें घडीचें भिंग बाहेर ओढून फिरवून घट्ट करावें. आणि यंत्र उघड्या तोंडानें उन्हांत ठेवूं नये, कारण पडदा कापडाचा आहे व सूर्याचा किरण त्यास भोंक पाडतो.

बनावटीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. खोट्या सनदा व जोड-शिक्के यांची पारख करणाऱ्या आमच्या वाचकांस हें प्रकरण ओळखीचें वाटेल. खार्किव येथें अनाथ मुलांच्या वसाहतींत (तिचे चालक शिक्षणशास्त्रज्ञ मकारेंको) १९३४ पासून लायकाची नकल ‘फेड’ या नांवानें होऊं लागली. १९४८ पासून ‘झोर्की’ ही दुसरी निघाली. या दोन्ही प्रामाणिक नकला होत. परंतु पुढें लबाडांनीं त्यांचीं नांवें घासून ‘लायका’ हीं अक्षरें कोरलीं, वर सोनेरी मुलामा चढविला, आणि युद्धकालीन वंशावळ जोडून दिली. कोरीव अक्षरांवर विसंबूं नये. भिंग काढून तोंडांत पहावें : अंतरमापकास ढकलणारा दांडा खऱ्या लायकांत लहान गोल चाकांत संपतो, नकलेंत पाचरीसारख्या टोंकांत. लेखाची शाई खोटी असूं शकते, कागदाचा गर सहसा नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे. शिवाय महायुद्धापूर्वींच्या ‘फेड’ चीं भिंगें आपापल्या कॅमेऱ्याशींच जुळविलेलीं असत, म्हणून तीं दुसरीकडे लावून पोथीचें काम करूं नये.

आतां पोथीचें. ५० मिलिमीटरचें भिंग एक मीटरपर्यंत जवळ येतें. त्या अंतरावर चित्र मूळ वस्तूच्या सुमारें अठराव्या हिश्शाचें होतें, म्हणजे एक फूट लांबीचें पत्र फिल्मवर जेमतेम १७ मिलिमीटर भरतें व चौकटीचा अर्धा भाग ओसरीच्या चटईस जातो. तेंच भिंग काढून ९० मिलिमीटरचें बसविलें, तर त्याच एक मीटरवरून चित्र नवव्या हिश्शाचें येतें. पत्र ३४ मिलिमीटर होतें आणि ३६ मिलिमीटरांची चौकट जवळजवळ भरून जाते. अक्षर दुप्पट मोठें मिळालें. बदलत्या भिंगांचा आमच्या कामीं खरा उपयोग तो हाच. दूरच्या देवळाचें शिखर टिपण्यासाठीं केलेलें भिंग पोथीच्या कामास येतें, हें आम्हांस मोठें मौजेचें वाटलें. मात्र कॅमेऱ्यांतील दर्शक ५० मिलिमीटरच्या भिंगापुरताच असल्यामुळें ९० साठीं माथ्यावर दुसरा दर्शक चढवावा लागतो, आणि तो भिंगाच्या वर असल्यानें येथें पुनः लंबन आड येतें. दर्शकांत पत्र मधोमध दिसलें तरी चित्रांत तें सरकतें. तेवढी सोड आधींच द्यावी.

शाईचाही विचार केला पाहिजे. हिंगुळानें लिहिलेले दंड व पुष्पिका सर्व रंग जाणणाऱ्या फिल्मवर फिकट उतरतात. तांबडा रंग न जाणणाऱ्या फिल्मवर त्या काळ्या व ठसठशीत येतात. उलट, जुना पिवळा पडलेला कागद व त्यावरील पाण्याचे डाग या दुसऱ्या फिल्मवर अधिक काळे होतात. तेथें पहिली फिल्म व पिवळी कांच बरी.

इतक्या बारकाव्यांची गरज काय, असें कोणी विचारील. राहुल सांकृत्यायन यांनीं १९२९ ते १९३८ या अवधींत तिबेटाच्या चार यात्रा केल्या आणि तेथील मठांतून संस्कृत ताडपत्रांचीं छायाचित्रें आणिलीं. मूळ पोथ्या मठांतच राहिल्या. चित्रें पाटण्यास आलीं. वसुबंधूचा अभिधर्मकोश तोंवर चिनी व तिबेटी भाषांतरें आणि यशोमित्राची व्याख्या यांच्या आधारेंच अभ्यासावा लागे. त्या चित्रांवरून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील कै. प्रा. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनीं १९४६ सालीं मूळ संस्कृत कारिका रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत छापिल्या, व प्रह्लाद प्रधान यांनीं १९६७ सालीं पाटण्याहून संपूर्ण भाष्य प्रसिद्ध केलें. पण त्या संग्रहांतलीं कांहीं पत्रें अस्पष्ट उतरलेलीं आहेत, आणि जेथें तीं अस्पष्ट आहेत तेथें संपादकास अनुमानावर दिवस काढावे लागतात. हिमालय ओलांडून पुनः एक पत्र पहावयास कोण जाणार?

फिल्मचा आग्रह आम्ही धरितों तो याच साठीं. दूरध्वनींतील चित्र यंत्र बदललें, खातें बुडालें, कीं नाहींसें होतें. रुप्याची नीट धुतलेली कृष्णधवल प्रत डोळ्यानें व भिंगानें वाचतां येते. पॉलिएस्टरच्या पायावरील अशी प्रत थंड व कोरड्या जागीं ५०० वर्षें राहील असें मानकांचें अनुमान आहे. जुनी नायट्रेटची फिल्म पेट घेते; ॲसिटेटची शिर्क्यासारखा वास सोडून आक्रसते, आणि बाजारांतील नेहमींच्या रिळांपैकीं पुष्कळ अद्याप याच जातीचीं आहेत. म्हणून रीळ घेतांना पाया विचारून घ्यावा. पॉलिएस्टरची फिल्म भरतांना सावली पाहिजे, कारण तिच्या कडेंतून उजेड आंत झिरपतो व पहिलीं कांहीं चित्रें धुरकट होतात.

त्या पहिल्या चौकटी तशाही पोथीस देऊं नयेत. तेथें एका चिठीवर घराण्याचें नांव, गांव, तिथि व रुमालाचा क्रमांक लिहून, शेजारीं इंचाची पट्टी ठेवून चित्र घ्यावें. ही पट्टी नसल्यास पत्राचें माप पुढें कोणासही सांगतां येत नाहीं. फिल्मच्या कडेवर छापलेले आंकडे पोथीच्या पत्रांकांशीं कधींच जुळत नाहींत, कारण पत्राच्या दोन्ही बाजूंस मिळून अंक एकच असतो. तेव्हां वहींत फिल्मचा आंकडा, पत्रांक व बाजू असे तीन रकाने आंखून प्रत्येक चित्राच्या वेळींच भरावे, व त्या वहीची एक प्रत पोथीच्या मालकास द्यावी.