औषध देणारा हात

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चातुर्मास चालू होता आणि सासूबाईंचा चौविहार होता, म्हणजे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. पहाटे चारला त्यांच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर अंग घामाने थबथबलेलं, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. मला त्यांनी माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली.

सांगू का, त्या क्षणी मी काही विचार केला नाही. साखरेचं पाणी केलं आणि चमच्याने थोडं थोडं त्यांच्या ओठाला लावलं. त्या मान फिरवत होत्या. शुद्ध अर्धी, पण व्रत पक्कं! मी जवळजवळ जबरदस्तीनेच पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत त्या माणसांत आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "दिस उगवला?"

दिवस उगवला नव्हता.

डॉक्टरांकडे गेल्यावर उलगडा झाला. त्यांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली होती. दुकानातल्या पोऱ्याने दिली होती साखर उतरवणारी. दोन्हींच्या नावाची सुरुवात सारखी. सासूबाईंना मधुमेह नाहीच. त्यातून सूर्यास्ताआधी घेतलेली गोळी आणि रात्रभर पोटात काही नाही. दुकान कुठलं ते लिहीत नाही. भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं, एवढं आठवतं. तो गृहस्थ मात्र मी तिथे कधी पाहिला नाही.

सासूबाईंनी त्याबद्दल प्रायश्चित्त घेतलं. मी म्हटलं, "चूक दुकानदाराची, प्रायश्चित्त तुम्ही का?" त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला: औषध हातात देणारा माणूस नेमकं काय शिकून येतो? आणि हे शिकवणं आपल्याकडे सुरू तरी कधी झालं?

मी बी. ए., तेही मराठी घेऊन. पण पुस्तकं चाळण्याची सवय आहे, आणि धाकट्या दिरांची मुलगी सध्या डी. फार्म. करते. त्यामुळे घरबसल्या शिकवणी मिळाली.

आमच्या नार्व्याला लोक सप्तकोटेश्वरासाठी येतात. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव नदी ओलांडून इकडे आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला उतरलं, बेट ओलांडलं आणि दुसरी फेरीबोट धरली की जुनं गोवं येतं. औषधांच्या इतिहासातलं एक मोठं पान तिथे छापलं गेलं, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

पोर्तुगीज भाषेत औषधविक्याला बोतिकारियो म्हणत. तोमे पिरिश हा असाच एक बोतिकारियो १५११ साली हिंदुस्थानात आला. १५१६ च्या जानेवारीत त्याने कोचीनहून आपल्या राजाला पत्र लिहिलं, ते पूर्वेकडची कुठली औषधी द्रव्यं कुठे होतात याबद्दल. पुढे त्यालाच वकील करून चीनला पाठवलं. औषधविक्या थेट राजदूत झाला! त्या काळी मिरी, आलं, हिराबोळ, कापूर यांची पारख असलेला माणूस राज्याला किती मोलाचा वाटत असेल, ते यावरून कळतं.

त्याच्यानंतर आला गार्सिया द ओर्ता. १५३४ साली गोव्यात उतरलेला हा वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार करीत असे. इथल्या औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात तो स्वतः आणि रुआनो नावाचा एक कल्पित पाहुणा यांच्या गप्पा आहेत. मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचाही त्यात उल्लेख आहे. मला सर्वांत जवळची वाटते ती अंतोनिया, घरातली दासी. गप्पांत एखाद्या वनस्पतीचं नाव निघालं की मालक तिला हाक मारतो आणि ती वस्तू आणून समोर ठेवते. कुठलं झाड कुठे, कुठला डबा कुठल्या फळीवर, हे तिला ठाऊक. ग्रंथावर नाव अर्थातच मालकाचं. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींना ही अंतोनिया ओळखीची वाटेल!

ओर्ताचं पुढे जे झालं ते वाचून माझा घास अडला. तो ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५६९ साली, त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळलं आणि १५८० साली त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली. ग्रंथ मात्र तोवर लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर पोचला होता.

शंभर वर्षांनी कोचीनला डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचं 'होर्तुस मलबारिकुस' तयार करवलं. ते १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅमला छापलं गेलं. त्यासाठी राबलेल्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट असे तीन कोंकणी वैद्य होते. आपण हे काम केल्याचा त्यांचा १६७५ सालचा दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत आणि कोंकणी भाषेत छापलेला आहे. इथे निदान नावं तरी उरली.

पण हे सगळं ज्ञान गुरूकडून शिष्याकडे किंवा सासूकडून सुनेकडे जाणारं. वर्गात बसवून, परीक्षा घेऊन शिकवणं गोव्यात सुरू झालं ते १८४२ साली, पणजीला वैद्यकीय शाळा निघाली तेव्हा. डॉक्टरकीबरोबर औषधनिर्मितीचाही अभ्यासक्रम होता. ब्रिटिश हिंदुस्थानात महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या शिक्षणाचा पाया घातला तो १९३२ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी! पणजीचं स्वतंत्र फार्मसी कॉलेज १९६३ चं, गोवा मुक्तीनंतरचं. अठरा जून रस्त्यावरून साड्या बघत मी कितीदा गेले असेन, पण त्या कॉलेजच्या मागे एवढा मोठा भूतकाळ आहे हे कधी मनात आलं नाही.

देशात फार्मसीचा कायदा झाला १९४८ साली. त्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, नाहीतर त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. प्रमाणपत्राच्या देखरेखीखाली नव्हे!

आता पुतणीची पुस्तकं. शरीररचना, रसायनशास्त्र, औषधं बनवण्याचं शास्त्र, औषधाचा शरीरावर होणारा परिणाम, कायदा, दवाखान्यातलं आणि दुकानातलं काम. दोन वर्षं हे शिकायचं आणि वर पाचशे तासांचं प्रत्यक्ष काम. मी सर्वांत रमले ते वनस्पतीज औषधांच्या पुस्तकात. कुड्याची साल तिथे आहे. सासूबाई हगवणीवर उगाळून देतात तीच. पुतणी ती साल सूक्ष्मदर्शकाखाली बघते, तिच्यातल्या कोनेसिन नावाच्या द्रव्याचं नाव पाठ करते. सासूबाईंनी विचारलं, "किती द्यायची ते शिकवलं का?" ती म्हणाली, "आजी, तेच तर शिकवतात. चिमूट कुणाची, हे मोजता येत नाही ना!" दोघींचंही मला पटलं.

एक खंत मात्र बोलून दाखवते. नवव्या शतकात, अमोघवर्ष राजाच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ लिहिला. मद्य, मांस, मध यांना हात न लावता सगळे उपचार सांगितले. १९४० साली तो सोलापूरला छापलाही गेला. पुतणीच्या पुस्तकात त्याचं नाव नाही. आपल्या घरांत तरी कुणाला माहीत आहे म्हणा! औषधदानाला चार दानांत बसवणारे आपण. पण कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेलं असतं, हे मला पुतणीने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. वनस्पतींच्या सेल्युलोजची कवचंही निघतात. खाऊच्या पाकिटावर असतो तसा हिरवा ठिपका औषधावर नसतो, म्हणून दुकानात विचारावं लागतं. आणि विचारायचं तर उत्तर देणारा शिकलेला माणूस समोर हवा.

आणखी एक. चिठ्ठीवर 'रात्री जेवणानंतर' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे कित्येक घरांत रात्रीचं जेवणच नाही. पुतणी म्हणते, रुग्णाशी बोलणं हाही अभ्यासाचा भाग आहे: तुम्ही कधी जेवता, उपास करता का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे विचारायचं. गरज पडली तर डॉक्टरला फोन करायचा, वेळ मनाने बदलायची नाही. मग आम्ही तसंच केलं. डॉक्टरांना चौविहाराबद्दल सांगितलं आणि त्यांनी सासूबाईंची गोळी सकाळच्या वेळेला लावून दिली. एवढं साधं होतं. इतक्या वर्षांत ना त्यांनी विचारलं होतं, ना आम्ही सांगितलं होतं.

पुतणीचे पाचशे तास गेल्या सोमवारी सुरू झाले. पहिल्या दिवशी ती पांढरा कोट घालून निघाली तेव्हा सासूबाईंनी तिला थांबवलं. मला वाटलं, हातावर दही-साखर ठेवतील. त्यांनी कनवटीतून आपल्या गोळ्यांची पट्टी काढली आणि म्हणाल्या, "ह्याच्यावरचं नाव वाच बघू. मोठ्याने. सगळं."

तिने वाचलं. मग त्यांनी तिला जाऊ दिलं.