वाँटेजची आजीबाई

परदेशातल्या मराठी बाळंतपणाला एक ठरलेलं वेळापत्रक असतं, आणि ते डॉक्टर नाही, व्हिसा ठरवतो. इंग्लंडच्या व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. मग मुलीची आई आधी की मुलाची आई आधी, दोघींच्या तारखा जोडून घ्यायच्या की मधे पंधरा दिवसांची फट सोसायची... मी हापिसात रिलीज प्लॅनिंगला एवढं डोकं चालवत नाही. आमच्याकडे सासूबाई बाळंतपणाच्या तीन आठवडे आधी आल्या. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा. पहिल्याच धुरीला फ्लॅटचा स्मोक अलार्म असा कोकलला की वरच्या मजल्यावरचे आजोबा पायजम्यात खाली आले. तेव्हापासून धुरी बंद, शेक गरम पाण्याच्या पिशवीवर.

सहा महिने संपले, सासूबाई गेल्या. लेक आता आठ महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात बायकोची रजा संपते आणि पोरगी नर्सरीत जाणार. नर्सरीने भरायला फॉर्म दिलाय. त्यात तीन रकाने आहेत: घरी कोणती भाषा बोलता, बाळ काय खात नाही, धर्म कोणता. आम्ही दोघं त्यावर रात्री अकरा वाजता तात्त्विक चर्चा करत बसलो होतो आणि मला एकदम पंडिता रमाबाई आठवल्या.

आठवायला कारण आहे. आम्ही राहतो स्विंडनला. इथून तासाभराच्या आत वाँटेज नावाचं छोटं गाव आहे. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा, कारण तो म्हणे इथे जन्मला. आज हे गाव ऑक्सफर्डशायरमध्ये येतं, १९७४ पर्यंत बर्कशायरमध्ये होतं. आणि याच गावात १८४८ साली विल्यम बटलर या धर्मगुरूने सेंट मेरीच्या सिस्टर्सचा मठ काढला. या सिस्टर्स १८७७ पासून पुण्यातही काम करत होत्या. पुण्यातलं पंचहौद मिशन ऐकलं असेलच. १८९० मध्ये तिथे चहा प्यायल्यावरून टिळक, रानडे वगैरे मंडळींना प्रायश्चित्ताच्या भानगडीत ओढलं गेलं, तेच. त्या चहाची गोष्ट आपल्याला पाठ असते. पण त्याच मिशनच्या धाग्याने दोन वर्षांची एक मुलगी १८८३ साली पुण्याहून वाँटेजला पोचली होती, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तिचं नाव मनोरमा.

रमाबाईंचं आधीचं आयुष्य वाचताना माणूस सुन्न होतो. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे, त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेणारे. तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगणारं कुटुंब. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय लग्न केलं. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. रमाबाईंची चोविशीही पुरी झाली नव्हती.

म्हणजे माहेर नाही, सासर नाही. आपण घरची आठवण येते म्हणतो तेव्हा कुठेतरी एक घर असतं, दारात चपला असतात, फोन उचलणारं कोणी असतं. या बाईला आठवायला घरच शिल्लक नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं. त्याच्या विक्रीतून प्रवासाचे पैसे उभे केले आणि एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून बोटीत बसल्या. डॉक्टर व्हायचं होतं. सोबत नुकतीच दोन वर्षांची झालेली मनो आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. (डॉक्टर आनंदीबाई जोशी त्या वेगळ्या, पुढे येतील.) सुमारे चार आठवड्यांचा प्रवास. आम्ही नऊ तासांच्या फ्लाइटला तान्ह्या पोरीला नेताना डायपरचं गणित मांडतो आणि दमतो. असो.

वाँटेजमधली व्यवस्था सरळ देवाणघेवाणीची होती. सिस्टर्सनी राहायची सोय करायची, इंग्रजी शिकवायचं. रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं. बर्कशायरच्या मठात मराठीचे तास! पण काही महिन्यांतच आनंदीबाई भगतांनी आत्महत्या केली. आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती करतील या भीतीने त्यांना घेरलं होतं. आपली म्हणता येईल अशी एकुलती एक बाई गेली. त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ उडाला. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टरकीही सुटली.

धर्मांतराच्या वादावर पोतंभर लिहून झालंय, त्यात मी पडत नाही. मला रस आहे तो घरात चाललेल्या दुसऱ्या वादात: या पोरीला वाढवणार कोण आणि कशी?

हे आपल्याला कळतं ते रमाबाईंच्या इंग्रजी पत्रव्यवहारामुळे. ती पत्रं जपली सिस्टर जेराल्डीन यांनी. पुण्यात काम करून परतलेल्या या बाई रमाबाईंच्या आणि मनोच्या तिथल्या मुख्य आधार. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत. इंग्रजी पत्र आणि मायना आजीबाई. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली अ. भि. शहांच्या संपादनाखाली ही पत्रं छापली. मला जेराल्डीनबाईंचं कौतुक वाटतं ते यासाठी, की ज्या पत्रांत त्यांना खडे बोल सुनावलेत तीही त्यांनी ठेवली.

आणि खडे बोल भरपूर आहेत. पहिला मुद्दा खाण्याचा. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई शाकाहारीच राहिल्या. आजीबाईंच्या मते हा जुना जातीचा ताठा, तो आता सोडायला हवा. रमाबाईंचं म्हणणं, मी धर्म घेतला म्हणून वाडवडिलांच्या रीतीभाती टाकल्या असं होत नाही; ज्या मनाला पटतात त्या मी पाळणार. दुसरा मुद्दा धर्माच्या शिकवणीचा. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण चर्चचं प्रत्येक मत डोळे मिटून घेतलं नाही, त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्या वाद घालत. आजीबाईंना काळजी, की आईच्या शंका पोरीत उतरतील. आईचं उत्तर असं, की माझ्या मुलीला काय शिकवायचं ते मी ठरवणार.

तिसरा मुद्दा माझ्या सगळ्यात जवळचा. एका पत्रात रमाबाई मनोबद्दल लिहितात त्याचा आशय असा: मला ती आपल्यातली एक म्हणून वाढायला हवीय, आपल्या लोकांवर त्यांच्यातली होऊन प्रेम करणारी, वरून पाहणारी परकी नव्हे. आम्ही इंग्रजांसारखे नीटनेटके, देखणे नसू. पण आमचं नाव निघालं की तिला शरम वाटू नये. परदेशात घर केलेल्यांचं तसं फार वेळा होतं.

हे स्विंडनमधल्या कुठल्याही मराठी आईने आज व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तरी खपलं असतं. फरक एवढाच, की आज लिहिणाऱ्या आईचा पगार असतो, भाडं तिच्या खात्यातून जातं. रमाबाई हे लिहीत होत्या ते जिच्या मठाच्या आधारावर दोघी मायलेकी जगत होत्या तिला. आपलं मूल जे सांभाळतात त्यांच्याशी भांडणं किती अवघड असतं हे कळायला मूल व्हावं लागतं. सासूबाई मध चाटवायच्या म्हणत होत्या, आणि इथल्या हेल्थ व्हिजिटरने वर्षाच्या आत मध अजिबात नाही असं बजावलं होतं. त्या एका बोटभर मधावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता, आणि त्या तर सख्ख्या, दिवसातून चार वेळा लंगोट बदलणाऱ्या, रात्री दोनला उठणाऱ्या. जो रात्री दोनला उठतो त्याला मत असतं, आणि ते असायचंच. जेराल्डीनबाईही उठत असतील. त्यांचं मनोवर खरंच प्रेम होतं, हे पत्रांत ओळीओळीला दिसतं. त्या खलनायिका नव्हेत, म्हणूनच हा झगडा अवघड होता.

हे मला रमाबाईंच्या बाकी सगळ्या पराक्रमांपेक्षा मोठं वाटतं. ज्यांचं घर मागे उभं असतं त्यांची मुलं सुट्टीत आजोळी जाऊन थोडंफार आपलं उचलतात. मनोला आजोळच नव्हतं. तिच्या वाट्याला येणारा देश, भाषा, जेवण हे सगळं फक्त आईकडूनच येऊ शकत होतं, आणि आईने ते सोडलं असतं तर विचारणारंही कोणी नव्हतं. आपल्याच धर्माचे लोकही मागे ढकलत होते, पुण्याचे तर बोलायलाच नको.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. डोरोथिया बील या मुख्याध्यापिका त्यांच्या बाजूच्या. तिथे रमाबाई शिकत आणि संस्कृत शिकवत. पुरुषांना शिकवायचा विषय निघाला तर लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली, हिंदुस्थानात नाव खराब होईल म्हणून.

मग १८८६. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई मनोला घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्चचा तो समारंभ. आनंदीबाई नात्यातल्याच, वय अवघं एकवीसच्या आत. त्यांचं स्वतःचं बाळ कल्याणला जेमतेम दहा दिवस जगलं होतं. उपचार मिळाले असते तर ते वाचलं असतं या विचारातून त्या डॉक्टरकीकडे वळल्या. पदवीचा प्रबंध होता हिंदू लोकांमधल्या प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे सासूबाईंच्या बॅगेतल्या ओवा-शेपांचा विषय आपल्या एका बाईने तेव्हा अमेरिकेतल्या डॉक्टरांपुढे मांडला होता. त्या समारंभात मनो पाच वर्षांचीही नव्हती. आनंदीबाई वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या.

रमाबाई अमेरिकेत राहिल्या, गावोगाव भाषणं देत, विधवांच्या शाळेसाठी पैसे गोळा करत. आणि मनो? तिला परत वाँटेजला ठेवावं लागलं, आजीबाईंकडे. इतकं भांडून शेवटी तिथेच. ज्या शाळेसाठी त्या वणवण करत होत्या तिच्यात दुसऱ्यांच्या लेकी राहणार होत्या, आणि स्वतःची लेक समुद्रापलीकडे. यात विसंगती आहे असं म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. तिला दुसरी कुठली आजी होती?

फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईत परतल्या आणि ११ मार्चला चौपाटीवर शारदा सदन उघडलं. मनो आईपाशी, विधवा मुलींच्या त्या गोतावळ्यात वाढू लागली. पुढे रमाबाईंनीच तिला पुन्हा शिकायला इंग्लंड-अमेरिकेला पाठवलं, आणि ती परत आली. केडगावला शारदा सदनाची शाळा चालवली, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली, आईची सगळी कामं अंगावर घेतली. रमाबाईंनंतर सगळं तिनेच बघायचं असं ठरल्यासारखंच होतं.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा वारली, चाळिसाव्या वर्षी. रमाबाई तेव्हा केडगावला बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या.